विश्लेषण : शेत शेतकऱ्याचे, जनावर कोणाचे?

धान निसवू लागले की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही पट्ट्यात रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधीच लोळवून जातो आणि डुकरांच्या मागावर वाघही येतो. काही देशांत मात्र वन्यप्राणी आपल्या जमिनीवर यावेत, टिकावेत म्हणून जमीनमालक पदरचे पैसे खर्च करतात आणि शिकारीच्या भाड्यातून ते वसूल करतात. चंद्रपूर-गडचिरोलीत हे गणित का जुळत नाही?

परदेशात वन्यप्राणी ‘उत्पन्न’ कसे ठरतात?

दक्षिण आफ्रिकेत १९९१च्या कायद्याने पुरेसे कुंपण असलेल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांवर मालकाचा हक्क मान्य केला. त्यानंतर अनेक पशुपालक हरणांकडे वळले. अमेरिकेतील टेक्सासमध्ये हरीण सरकारच्या अखत्यारीत असते, पण जमिनीवर कोणाला येऊ द्यायचे हे मालक ठरवतो. म्हणून तो झुडपे राखतो, हरणांसाठी चारा पेरतो आणि हंगामापुरती जमीन शिकाऱ्यांना भाड्याने देतो.

आपल्यासाठी सर्वात बोलके उदाहरण जर्मनीचे. तिथे शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला आहे. सर्वसाधारणपणे सलग ७५ हेक्टर जमीन असेल तर मालकाचे स्वतंत्र शिकारक्षेत्र होते. त्याहून लहान जमीनमालकांना एकत्र संघात यावेच लागते. संघ शिकारीचा हक्क भाड्याने देतो. रानडुकरांनी मका नासवला तर भरपाईची जबाबदारी कायद्याने संघावर येते. करारात ती बहुधा शिकाऱ्याच्याच गळ्यात घातली जाते. म्हणजे प्राण्यांचा लाभ घेणारा नुकसानही भरतो.

भारतात कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम ९ने शिकारीला बंदी आहे. पिकांना धोका ठरलेल्या रानडुकरासारख्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी कलम ११खाली मिळू शकते. पण मारलेले जनावर कलम ३९नुसार सरकारचेच. २०१६मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरे मारल्यावरून तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या खात्यावर जाहीर टीका केली होती. वाद दिल्लीत रंगला. अशा कारवाईने एखादा हंगाम वाचेलही, पण त्यातून शेतकऱ्याला उत्पन्न मिळत नाही. त्यामुळे जनावर आपल्या शेतात टिकावे असे त्याला वाटण्याचे कारणच उरत नाही.

मग अधिवास सुधारणा कोण करते?

ताडोबात वन विभाग कुरणे राखतो, पाणवठे भरतो, रायमुनिया उपटतो. खासगी शेतात मात्र हे सगळे न मागता तयार आहे : धान, हरभरा, माजी मालगुजारी तलावांचे पाणी, नाल्याकाठची झुडपे. २०२१मध्ये छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आलेल्या हत्तींनीही धानाच्या बांध्या तुडवल्या. साहजिकच शेतकऱ्याला प्राणी दूर ठेवायचे असतात. जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यापैकी कमी असेल ती रक्कम मिळत आली आहे. पण एकाने कुंपण केले की कळप शेजाऱ्याच्या बांधीत शिरतो. काही जण तारेत थेट वीज सोडतात. हा गुन्हा आहेच. त्यात डुकराबरोबर वाघ मरतो आणि कधी माणूसही.

खासगी जमिनीसाठी वाट आहे का?

आहे, पण ती फारशी कोणाला माहीत नाही. २००२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६-क नुसार एखादी व्यक्ती किंवा गाव स्वेच्छेने पुढे आले, तर खासगी जमीनही ‘समुदाय राखीव’ जाहीर होऊ शकते. मेख पुढे आहे. एकदा जाहीर झाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. हे कलम मालकाला मोबदल्याची हमीही देत नाही. दोन-तीन एकरांचा धानउत्पादक अशा कागदावर सही का करील?

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाचा अनुभव वेगळा आहे. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूविक्रीचा मार्ग मोकळा झाला. ते जंगल वन्यप्राण्यांसाठी राखलेले नाही, पण ते राखण्यात गावाचा रोकड फायदा आहे.

शिकार नाही, तर पैसा कुठून?

शिकारबंदी उठवणे हा पर्याय नाही. एवढ्या छोट्या तुकड्यांवर, माणसांच्या वस्तीत बंदुकीचे भाडे कोणाच्याच हिताचे नाही. पण जर्मनीतील भरपाईचे तत्त्व बंदुकीशिवायही लागू करता येते. ताडोबातील पर्यटनाचा लाभ प्रवेशद्वारांलगतच्या गावांत गाईड, जिप्सी, रिसॉर्टच्या रूपाने दिसतो. ब्रह्मपुरी वन विभागात संरक्षित क्षेत्राबाहेर वाघ मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या बहुतेक शेतांजवळ सफारीचे फाटक नाही. तिथे पैसा पोहोचतो तो पंचनाम्यानंतर. माणूस गेला तर २५ लाख रुपये. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी बळी गेला.

नाल्याकाठचा पट्टा न तोडणाऱ्या, बांधावरची झुडपे राखणाऱ्या शेतकऱ्यांना पर्यटनाच्या उत्पन्नातून दरवर्षी ठरावीक रक्कम देता येईल. ती एकेका सातबाऱ्यावर नव्हे, तर लगतच्या गावांच्या गटाला द्यावी लागेल, कारण वाघाला शिवार ठाऊक नसते. रक्कम पेरणीपूर्वी हातात पडली, तरच झुडपे हंगामभर उभी राहतील.