वरची वीत सुधारली, खालची माती चोपणच

पंजाब आणि हरियाणाने भाताचे क्षेत्र घटवले पाहिजे, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. भूजलाची घसरण रोखण्यासाठी दोन्ही राज्यांनी २००९ मध्ये भाताच्या लावणीची तारीख कायद्याने बांधून दिली. केंद्राने २०१३-१४ पासून या दोन राज्यांत आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पीक विविधीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. २०२० मध्ये हरियाणाने ‘मेरा पानी, मेरी विरासत’ योजनेतून भात सोडून मका, कापूस किंवा कडधान्ये घेणाऱ्या शेतकऱ्यास एकरी ७,००० रुपये देऊ केले. धोरणाची दिशा योग्यच आहे. मात्र याच मैदानी प्रदेशातील मोठ्या क्षेत्रावर भात हा जमिनीवरचा उपचारही आहे, ही बाब चर्चेत मागे पडली आहे.

देशातील क्षारग्रस्त जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर मानली जाते. त्यांपैकी सुमारे ३८ लाख हेक्टर जमीन सोडियमयुक्त, म्हणजे मराठीत चोपण आणि उत्तरेत ऊसर आहे. तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या उत्तर प्रदेशात आहे. या मैदानातील अनेक चोपण जमिनींचा वरचा थर हलका, वालुकामय पोयट्याचा असतो. खाली जावे तसे चिकणमातीचे प्रमाण वाढते आणि साधारण मीटरभर खोलीवर चुनखडीच्या खड्यांचा, तिकडच्या भाषेत कंकराचा, थर लागतो. चिकणमातीला सोडियम चिकटले की तिचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ओले होताच ते विखुरतात आणि मातीची छिद्रे बुजवतात. मग पावसाळ्यात शेतात पाणी तुंबते आणि पाऊस ओसरल्यावर तोच थर विटेसारखा कठीण होतो. वर पाणी साचलेले असताना खालची मुळे कोरडी राहतात.

यावरचा उपाय १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने घालून दिला. बांधबंदिस्ती व सपाटीकरण करायचे, हेक्टरी १० ते १५ टन जिप्सम वरच्या थरात मिसळायचे, काही दिवस पाणी साठवून ठेवायचे आणि त्यात भाताची लावणी करायची. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जाते. पुढचे काम भात करतो. त्याची मुळे उथळ असतात व साचलेले पाणी सोसतात; मुळांच्या श्वसनातून आणि कुजण्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीतली चुनखडी विरघळवतो आणि त्यातून आणखी कॅल्शियम मोकळा होतो. भात दरवर्षी घेतला, तर सुधारणा हळूहळू खाली सरकते.

अडचण नेमकी इथे आहे. जिप्समची मात्रा ठरते ती वरच्या १५ सेंटीमीटर मातीच्या हिशेबाने, म्हणजे जेमतेम वीतभर. उत्तर प्रदेशात जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९३ पासून टप्प्याटप्प्याने झालेल्या कामामुळे ओसाड ऊसरावर भात-गहू उभा राहिला, हे यश मोठेच. पण सुधारलेली म्हणून नोंदलेल्या जमिनीचा खालचा थर पुष्कळदा चोपणच असतो. हलके पाणी वारंवार देऊन गहू निभावतो. तूर आणि हरभरा ही कडधान्ये मात्र सोडियमला अतिशय संवेदनशील. भाताच्या जागी सुचवली जाणारी पिके अशा खालच्या थरात सर्वांत आधी हार मानतात. पाणी न साठवता केलेल्या थेट पेरणीच्या भातातही सोडियम खाली ढकलणारा प्रवाह क्षीण होतो. कालव्यालगत भूजल उथळ असेल, तर सुधारलेली जमीन पुन्हा चोपण होते.

खालच्या थरापर्यंत पोहोचण्याचे मार्ग नाहीत असे नाही. वृक्षलागवडीसाठी कर्नालच्या संस्थेने कंकराचा थर भेदणारी खोल छिद्रे पाडून ती जिप्सम व शेणखताने भरण्याची पद्धत रुजवली. वर वाळू आणि खाली सोडियमयुक्त चिकणमाती अशा जमिनी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण व पश्चिम भागांत विस्तीर्ण आहेत. तिथे खोल नांगरटीने चिकणमाती वर आणून वाळूत मिसळतात. ती सोडियमयुक्त असल्यास जिप्समही टाकतात. व्हिक्टोरियात सेंद्रिय खत थेट खालच्या थरात गाडण्याचे प्रयोग झाले, उत्पन्नही वाढले. पण त्यासाठी अवजड यंत्रे लागतात आणि हेक्टरी कित्येक टन खत. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला ते झेपणारे नाही.

त्याच्या आवाक्यातले जिप्सम प्रामुख्याने राजस्थानच्या खाणींतून येते. औष्णिक वीज केंद्रांतील गंधक-शोषण यंत्रणेतून मिळणारे जिप्सम हा पर्याय होऊ शकला असता. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुतांश कोळसा संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. तो निर्णय विजेचा खर्च पाहून झाला. त्याची शेतीला पडणारी किंमत त्या चर्चेत क्वचितच आली.

तूर्त करण्याजोगी गोष्ट स्वस्त आहे. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेचा नमुना वरच्या १५ ते २० सेंटीमीटरचाच असतो. खालचा थर तिला दिसतच नाही. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीही वरून बऱ्या आणि खाली चोपण निघतात. कर्नाल, कैथलपासून हरदोई, उन्नावपर्यंतच्या ज्ञात ऊसर पट्ट्यात मीटरभर खोलीचा नमुना काढून मगच पीकबदलाचे अनुदान ठरवता येईल. जिथे खालचा सामू चढा आहे, तिथे सीएसआर ३० सारखा क्षारसहिष्णू बासमती आणि केआरएल २१० सारखा गहू आणखी काही वर्षे राहू द्यावा लागेल, आणि भूजलाची बचत शेजारच्या निरोगी शेतांतून साधावी लागेल.