हजेरीपटाबाहेरची माणसे

आजोबा मागावर, आई विड्या वळणारी आणि मुलगा हिंजवडीत संगणकासमोर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची ही तीन पिढ्यांची वाट आहे आणि ती मोठ्या कष्टाने काढलेली आहे. विडी कामगार बाईने पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंजिनिअर केले, ते निदान याची नोकरी तरी टिकावी म्हणून. आता संगणकावरचे कामही यंत्रच शिकू लागले आहे. टीसीएसने जुलै 2025 मध्ये आपले दोन टक्के, म्हणजे सुमारे 12 हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कौशल्यांचा मेळ बसत नाही, असे कारण कंपनीने दिले. कारण कोणते मानायचे ते माना. पण पगारदार पांढरपेशा वर्गाच्या पोटात पहिल्यांदाच जी भीती शिरली आहे, ती सोलापूरच्या कामगार वस्त्यांना नवी नाही. म्हणूनच बहुतेक कामे यंत्रे करू लागली तर समाजाने काय करावे, या प्रश्नाचा विचार सोलापुरातून सुरू करावा असे आम्हाला वाटते.

जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली आणि हे गाव गिरणगाव झाले. नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस चालत असे. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, तेव्हा ज्या रस्त्यांवर राज्य हादरले होते ते याच गिरणी कामगारांचे रस्ते होते. फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन कामगारांमध्ये काम करणारे पत्रकार होते. पुढे जुनी गिरणी साठच्या दशकात थांबली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. या गिरण्या नव्या यंत्रांनी मारल्या, असे म्हणता येणार नाही. जुनी यंत्रे वर्षानुवर्षे बदलली गेली नाहीत, नफा दुसरीकडे वळला, आणि कमी खर्चात चालणारे यंत्रमाग गिरणीच्या भिंतीबाहेर उभे राहिले. त्या यंत्रमागांनी आधी हातमाग संपवला होता. आज त्याच शटलच्या मागांपुढे बिनशटलचा रॅपिअर माग उभा आहे, आणि भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटशी झगडते आहे. नवे यंत्र दाराबाहेर ठेवल्याने गिरणीतले काम वाचले नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा विडीचा. हाताने वळलेल्या विडीवर उत्पादन शुल्क कमी आणि यंत्राच्या विडीवर जास्त, असा भेद केंद्र सरकारने अनेक वर्षे जाणूनबुजून ठेवला. हेतू रोजगार वाचवण्याचा होता आणि तो वाचलाही. यंत्र किती वेगाने यावे हे सरकार ठरवू शकते, याचा हा धडधडीत पुरावा आहे. तंत्रज्ञानापुढे कुणाचे काही चालत नाही, असे सांगणाऱ्यांनी तो पाहावा. पण वाचले ते काय? हजारो बाया मांडीवर सूप घेऊन, तंबाखूची धूळ छातीत भरत, हजार विड्यांच्या मजुरीसाठी दिवस घालवत राहिल्या. त्यात छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघाली की तेवढे कष्ट वाया. असे काम पुढच्या पिढीने करावे, अशी त्यांच्यातल्या एकीचीही इच्छा नाही. तेव्हा यंत्र अडवून धरा, ही आमची मागणी असू शकत नाही.

मात्र याच विडी धंद्यात एक व्यवस्था अशी होती, की जिच्याकडे आज साऱ्या देशाने पुन्हा पाहायला हवे. 1976 च्या कायद्याने विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यासाठी उपकर घेतला जाई तो तयार विडीवर. किती बाया कामावर आहेत, कुणाचे नाव कारखान्याच्या वहीत आहे आणि कुणाचे नाही, याच्याशी त्या वसुलीचा संबंध नव्हता. विडी बाहेर पडली की निधीत पैसा पडत असे. त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घरांना अनुदान मिळाले. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर आल्या. स्वतःच्या मालातून उभा राहणारा हक्काचा पैसा गेला आणि दरवर्षी दिल्लीने किती द्यावे याकडे पाहणे नशिबी आले.

आम्हाला जे म्हणायचे आहे ते इथेच आहे. आपली सारी सामाजिक सुरक्षा हजेरीपटाला बांधलेली आहे. भविष्यनिर्वाह निधी पगारावर, ईएसआय पगारावर, ग्रॅच्युइटी नोकरीच्या वर्षांवर. कारखान्यात शंभर माणसांऐवजी दहा उरली की नव्वदांची सुरक्षा तर जातेच, शिवाय समाजाच्या तिजोरीत येणारा त्यांच्या नावाचा वाटाही थांबतो. माल मात्र तेवढाच, किंबहुना अधिक निघतो. म्हणजे माणूस ठेवणाऱ्या मालकाला जास्त भरावे लागते आणि माणूस काढणारा मोकळा होतो. हा उलटा न्याय आहे. वर्गणी हजेरीवरून काढून मालावर आणि उलाढालीवर नेली, तरच यंत्राने वाढवलेल्या संपत्तीत त्या यंत्राने घरी बसवलेल्या माणसाचा वाटा राहील.

याची अर्धीमुर्धी जाणीव दिल्लीलाही झाली आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने घरपोच सेवा देणाऱ्या अॅप कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी बसवली, ही चांगली गोष्ट. पण लगेच पुढे मर्यादा घातली, की ही रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून जास्त असणार नाही. उद्या डबा पोचवणारे पोर जाऊन तिथे यंत्र आले, की मोबदला शून्य आणि वर्गणीही शून्य! ज्या दिवशी निधीची सर्वाधिक गरज, त्याच दिवशी तो आटणार. ही मर्यादा काढलीच पाहिजे.

महाराष्ट्राला असे काही करणे परके नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि ‘मागेल त्याला काम’ हा पुढे कायदा झाला. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर लावला गेला. आज पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे दोनशे रुपये बघून कपाळाला आठी घालणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे, की शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या रिकाम्या हाताला दिलेला तो वाटा होता? त्याआधी 1969 मध्ये माथाडी कायद्याने ज्यांना एक ठराविक मालकच नव्हता अशा हमालांची नोंद मंडळाकडे केली. हमाल कुणाच्याही गाळ्यावर ओझे उचलो, त्याचा निधी आणि औषधपाणी मंडळाकडे सुरक्षित. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही, ही त्यामागची दृष्टी होती. नोकरी टिकेल की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही अशा काळात याहून चांगला पाया आपल्याला कुठे मिळणार?

दरमहा थेट रक्कम द्यावी, असा एक विचार जगभर मांडला जातो. 2024 पासून राज्य सरकारच्या योजनेतून लाडक्या बहिणींच्या खात्यात 1500 रुपये येतात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात त्यांचे मोल काय आहे ते तिथल्या दुकानदारांना विचारावे. त्या मदतीला नाक मुरडणारे आम्ही नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर मिळालेली रक्कम आणि संपत्तीतला कायदेशीर वाटा यांत अंतर आहे. पहिलीचे निकष सरकार हवे तेव्हा बदलते. दुसऱ्यासाठी कोर्टात जाता येते. अर्थात कायदाही राखावा लागतो. मुंबईत 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश वाटा घरांसाठी ठेवला होता. 2001 मध्ये नियमातले शब्द बदलले, वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. गिरणी कामगार अजून घरासाठी मोर्चे काढत आहेत. म्हणून निधी कामगार, मालक आणि सरकार यांच्या संयुक्त मंडळाकडेच हवा, एखाद्या खात्याच्या मर्जीवर नको.

यंत्राचे दुसरे देणे वेळेचे आहे. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यातून 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. यंत्राने वाढवलेल्या उत्पादनाचा तोही वाटाच होता, दिवसाच्या रूपाने वसूल केलेला. अर्थतज्ज्ञ केन्सने 1930 मध्ये लिहिले होते, की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. तो मुक्काम आता हाकेच्या अंतरावर आला असताना महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. उपलब्ध काम चौघांत वाटण्याऐवजी तिघांकडून करून घेण्याचा हा रस्ता आहे, आणि तो चुकीचा आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. सोलापूरचा कारखानदार म्हणजे अनेकदा दहा-वीस मागांचा धनी, काल स्वतः मागावर उभा असलेला. त्याच्यावर बोजा पडला तर माग भंगारात जातील आणि ऑर्डर पानिपतला. उलाढालीची मर्यादा ठरवून लहान कारखानदाराला वगळलेच पाहिजे, आणि वर्गणी देशभर सारखी हवी. एकट्या सोलापूरवर ती लादणे म्हणजे सोलापूरला शिक्षा होईल.

जिल्ह्याच्या आमदार-खासदारांकडे आमचे मागणे नेमके आहे. विडी उपकराच्या जागी मालावर आधारलेला कल्याण निधी पुन्हा उभा करावा आणि त्यात यंत्रमाग कामगार घ्यावा. संहितेतली पाच टक्क्यांची मर्यादा हटवण्यासाठी संसदेत दुरुस्ती मांडावी. रोजगार हमी शहरात आणावी. 2022 मध्ये राजस्थानने ती करून दाखवली आहे. कामे शोधायला लांब जायला नको: चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या या शहरात गळक्या जलवाहिन्यांची दुरुस्ती आहे, तलावांतला गाळ आहे, आणि ज्यांची मुले पुण्याला गेली अशा एकट्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा आहे. कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे 2006 मध्ये आणि रे नगरची पहिली पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांच्या हाती आली, ती वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याने. या घरांत आता वीजबिल भरणारा कमावता हात राहावा यासाठीही तेवढाच पाठपुरावा लागेल, आणि तो येत्या अधिवेशनापासून सुरू व्हावा.