तोताचश्म कोण?

मित्रांनो, तुमच्या उर्दू भाषेत एक शब्द आहे, 'तोताचश्म'. जो उपकार विसरतो, वेळ येताच ओळखही दाखवत नाही, अशा माणसाला हा शब्द लावतात. का? तर वर्षानुवर्षे पाळलेला पोपट पिंजऱ्याचे दार उघडे दिसताच उडून जातो, मागे वळूनही पाहत नाही! मराठीतही पोपटाची थट्टा होते. अर्थ न समजता पाठ केलेले बोलणे म्हणजे 'पोपटपंची'. मला मात्र वाटते, की आपण या पक्ष्यावर अन्याय केला आहे. बेइमान कोण, पोपट की त्याला पाळणारे आपण, याचा एकदा नीट विचार करू या.

मी सहावीत असताना वडिलांनी बाजारातून पोपटाचे एक पिल्लू आणले. त्याच्या अंगावर पुरती पिसेही नव्हती. आई त्याला मिठू म्हणे. एका लहानशा गोल पिंजऱ्यात आम्ही त्याला ठेवले. सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दुपारी हिरवी मिरची आणि संध्याकाळी चहात बुडवलेला पाव, असे त्याचे जेवण होते. आम्हांला वाटे, मिठूची चैन आहे! तो 'कोण आहे?' असे विचारू लागला, तेव्हा सारी आळी त्याला पाहायला आली.

चार वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीला त्याची दया आली. एका सकाळी तिने अंगणात पिंजऱ्याचे दार उघडले. मिठू बाहेर आला. त्याने पंख फडफडवले, पण तो समोरच्या पेरूच्या झाडापर्यंतही पोहोचला नाही. तो जमिनीवर पडला. आम्ही धावत जाण्याआधीच मांजराने त्याला उचलले. मिठूने आमच्याकडे पाठ फिरवली नव्हती. त्याच्या पंखांत बळच उरले नव्हते, आणि ते आम्हीच घालवले होते.

आमचे काय चुकले? पहिली चूक खाण्याची. पोपट रानात फळे, बिया, कळ्या, शेतातले दाणे असे नाना पदार्थ खातो. रोज नुसती डाळ मिळाली, तर त्याला लागणारी जीवनसत्त्वे कोठून मिळणार? मिरची मात्र तो आनंदाने खातो, कारण पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. चहा, चॉकलेट आणि खारे फरसाण हे त्याचे अन्नच नव्हे; त्याने पक्षी आजारी पडतो. दुसरी चूक पिंजऱ्याची. ज्या पिंजऱ्यात दोन्ही पंख पसरता येत नाहीत, तो पिंजरा नव्हे, ती कोठडी होय.

पण सर्वांत मोठी चूक त्याला घरी आणण्याची होती. हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला आपला पोपट हा रानपक्षी आहे. झाडाच्या ढोलीत त्याचे घरटे असते. विकणारे लोक ढोलीत हात घालून पिल्ले ओढून काढतात. त्यांतली कित्येक बाजारात पोहोचण्याआधीच मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा ठरवला आहे. हे पुष्कळांना ठाऊक नसते. तुमच्या घरी असा पोपट असेल, तर घाईने दार उघडून त्याला सोडू नका. त्याची गत मिठूसारखी होईल. मोठ्यांना सांगा आणि वनविभागाकडे त्याला सोपवा. तोपर्यंत त्याला पेरू, मक्याचे कणीस, मटार, गाजर, मोड आलेले मूग द्या.

कोणी म्हणेल, "आम्हांला पक्ष्यांची आवड आहे, मग आम्ही करावे तरी काय?" पाळायचेच असतील, तर बजरीगर पाळता येतात. आपल्याकडे पुष्कळजण त्यांनाच 'लव्हबर्ड' म्हणतात. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे पोपट आता पिंजऱ्यातच जन्मतात. पण त्यांचीही जबाबदारी मोठी आहे. त्यांना बाजरी, राळे यांबरोबर धुतलेली कोथिंबीर, पालक, गाजराचा कीस द्या. ते दाणे सोलून खातात आणि टरफले वाटीतच टाकतात. त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी राहतो! म्हणून रोज फुंकर मारून टरफले उडवा. पाणी रोज बदला. चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा टांगा. बसायला कडुनिंबाची किंवा पेरूची फांदी लावा. एकटा पक्षी झुरतो, म्हणून जोडी ठेवा. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नका. न चिकटणारी कढई फार तापली, तर तिच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. रात्री पिंजऱ्यावर कापड टाका आणि त्यांना दहा-बारा तास शांत झोपू द्या. पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवा. पक्षी आपले दुखणे लपवतो. तो पिसे फुगवून गप्प बसला, खाईनासा झाला, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

हे सारे परीक्षेच्या दिवसांतही करावे लागते आणि ईदच्या दिवशीही. ते जमणार नसेल, तर पक्षी न आणणे हीच खरी आवड, असे मला वाटते.

पोपट पाहायचे असतील, तर संध्याकाळी एखाद्या जुन्या वडा-पिंपळाखाली जाऊन उभे राहा. थव्यामागून थवे आरडाओरड करत येतात आणि सारे झाड हिरवे होऊन बोलू लागते. तेथे त्यांना कोणी शिकवलेले नसते. ते आपलीच भाषा बोलतात.

आणि यापुढे कोणाला 'तोताचश्म' म्हणाल, तेव्हा क्षणभर थांबा. जो कैदेतून सुटून आपल्या घरी जातो, त्याला बेइमान म्हणावे काय? मला माझा मिठू आठवतो, आणि तो शब्द मी स्वतःलाच लावतो.