ताप आला हे सांगता येईल असे मैदान

१ फेब्रुवारी २०२२ पासून राज्यातली महाविद्यालये पुन्हा उघडली. बऱ्याच ठिकाणी वर्गांच्या आधी मैदाने भरली, हे पाहून बरे वाटले. जिमखान्याच्या फलकावर निवडचाचण्यांच्या तारखा लागल्या होत्या. दोन वर्षे घरात बसून पाय आखडलेली मुले-मुली पहाटे धावायला येऊ लागली होती. अशा वेळी खेळाडूंच्या उत्साहावर पाणी टाकावे, असे कोणाला वाटेल? आम्हालाही वाटत नाही. पण आमच्या एका कार्यकर्तीने मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पाठवलेली हकिकत वाचल्यावर हा विषय संपादकीयात घ्यायचा असे ठरले.

मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कबड्डीत चढाई करते. डिसेंबर २०२१ मध्ये महाविद्यालये सुरू असताना जिल्ह्याच्या ठिकाणी संघनिवड होती. आदल्या रात्री तिला कणकण आली, घसा दुखू लागला. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘अगं, क्रोसिन घे नि ये. गेटवर ती बंदूक लावतात कपाळाला, तेवढ्यापुरता ताप उतरला म्हणजे झालं.’’ गोळी घेतली, ताप उतरला, गेटवरची बंदूक पास झाली. बारा मुली एका क्रूझरमधून गेल्या. थंडी होती म्हणून काचा बंद. येताना एकाच ताटात भेळ. त्या आठवड्यात चार मुली आजारी पडल्या. तपासणी कोणाचीच झाली नाही, त्यामुळे तो कोविड होता की साधा फ्लू, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ही मुलगी मात्र दीड महिन्यानंतरही जिना चढताना थांबते. कार्यकर्तीने विचारले, सांगितले का नाहीस? उत्तर असे आले : ‘‘सरांना सांगितलं असतं तर माझी जागा गेली असती. अब्बूंना सांगितलं असतं तर खेळच गेला असता. आणि मुलींना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, तुमच्या मोहल्ल्यातूनच आला.’’

या तीन वाक्यांत सगळे आले आहे. महासाथीत खेळ सुरक्षित करायचा म्हणजे चेंडू पुसायचा, दारात सॅनिटायझर ठेवायचा, एवढेच आपण धरून चाललो. पण ज्या मैदानावर आजारी खेळाडू ‘मी आजारी आहे’ असे म्हणू शकत नाही, तिथे सॅनिटायझरच्या टाक्या भरून ठेवल्या तरी उपयोग नाही.

आधी विषाणूचे पाहू, कारण त्याबाबत आता पुष्कळ माहिती हाती आहे. २०२० च्या सुरुवातीला दक्षिण कोरियातल्या चिओनान शहरात झुम्बासारख्या नृत्य-व्यायामाच्या वर्गांमधून ११२ जणांपर्यंत लागण पोहोचली. बारा ठिकाणी हे वर्ग चालत. जागा लहान, माणसे दाटीने, पन्नास मिनिटांचा दमवणारा व्यायाम. त्याच साखळीतल्या एका शिक्षिकेने संथ हालचालींचे पिलाटेस आणि योगाचे वर्गही घेतले होते, तिथे मात्र लागण झाली नाही. माणूस धापा टाकतो तेव्हा शांत बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत-बाहेर करतो, आणि बंद खोलीत ती हवा तशीच साचून राहते. त्याच वर्षी जूनमध्ये फ्लोरिडात हौशी खेळाडूंचा आइस हॉकीचा एक सामना झाला. मैदानात उतरलेल्या २२ पैकी १४ जण पुढच्या काही दिवसांत आजारी पडले.

आता आपल्या कबड्डीकडे या नजरेने पाहा. चढाई करणारा तीस सेकंद एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या तोंडाशी जातो, आणि पकड झाली की पाच-सहा जण त्याच्यावर पडतात. विषाणूला याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही. तरीही हा खेळ मोकळ्या मातीत, वाहत्या वाऱ्यात झाला तर धोका पुष्कळ कमी, आणि दारे बंद केलेल्या हॉलमधल्या मॅटवर झाला तर पुष्कळ जास्त. मॅट प्रतिष्ठेची झाली आहे हे खरे, पण या हंगामात सराव तरी मातीत करायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगने २०२० चा हंगाम रोज तपासण्या करत पार पाडला. त्याचा अभ्यास सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. खेळाडूंना लागण प्रामुख्याने झाली ती एकत्र प्रवासात, बंद खोलीतल्या बैठकांत आणि एकत्र जेवताना. म्हणजे आपल्या गोष्टीतली क्रूझर आणि भेळ. आपण मैदानावर अंतर ठेवण्याचे नाटक करत होतो आणि येताना बारा जण एका गाडीत बसत होतो. मास्कचेही उलटेच चालले होते. धावताना मास्क लावायला लावत, जे जागतिक आरोग्य संघटनेने करू नका म्हणून सांगितले आहे. आणि खेळ संपून गाडीत बसले की सगळ्यांचे मास्क हनुवटीखाली. तो गाडीत लावायचा, कपडे बदलायच्या खोलीत लावायचा. काचा उघड्या ठेवायच्या, थंडी वाजली तर स्वेटर घालायचा. पाण्याची बाटली ज्याची त्याची. याला फारसा पैसा लागत नाही.

काही जण विचारतील, मग स्पर्धाच बंद का ठेवू नयेत? याचे उत्तर आम्ही ठामपणे देऊ इच्छितो. खेळ बंद ठेवण्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्या मुलाच्या घरामागे मैदान आहे तो दोन वर्षे कसाबसा काढतो. पण आमच्या वस्त्यांतल्या ज्या मुलीने वर्षभर घरच्यांशी बोलून, चुलत्यांची समजूत काढून, ट्रॅक पँटवर लांब कुर्ता घालून मैदान मिळवलेले असते, तिच्यासाठी दोन वर्षांचा खंड म्हणजे बहुधा कायमचा निरोप असतो. लॉकडाउनच्या काळात लग्ने उरकली गेली. संघातल्या किती मुली परत आल्या, याची मोजणी महाविद्यालयांनी करायला हवी. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या मुलांसाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र ही भिंतीवर लावायची वस्तू नसते. म्हणून खेळ झाला पाहिजे. फक्त तो कोणाच्या जबाबदारीवर, हे ठरले पाहिजे.

इथे अमेरिकेतल्या विद्यापीठांचे उदाहरण उपयोगी आहे. त्यांच्याकडे महाविद्यालयीन फुटबॉल हा फार मोठा धंदा आहे, त्यामुळे सगळ्याच गोष्टी आपल्याला लागू होत नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये ‘बिग टेन’ने (नाव दहाचे असले तरी विद्यापीठे तेव्हा चौदा होती) हंगाम पुढे ढकलला. पाच आठवड्यांत निर्णय फिरवला, रोज अँटिजेन तपासणी सुरू केली, आणि बाधित खेळाडू २१ दिवसांच्या आत सामन्यात उतरणार नाही, हृदयाची तपासणी झाल्याशिवाय तर नाहीच, असा नियम केला. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते खेळाडूंनी काय केले. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ विद्यापीठांतले खेळाडू ऑगस्टच्या सुरुवातीला म्हणाले, सुरक्षितता नसेल तर खेळणार नाही. आठवडाभरात देशभरातले खेळाडू म्हणाले, आम्हाला खेळायचे आहे. वरवर पाहता दोन गट. पण मागण्या पुष्कळशा एकच : सगळ्यांना सारखे आरोग्यनियम, खेळायचे नसेल त्याला न खेळण्याची मुभा, आणि निर्णयात खेळाडूंचा आवाज. शेवटी एनसीएए या त्यांच्या शिखर संस्थेला सांगावे लागले की, कोविडच्या भीतीने जो खेळणार नाही त्याची शिष्यवृत्ती काढता येणार नाही, आणि खेळू देण्याच्या बदल्यात त्याच्याकडून कायदेशीर हक्क सोडल्याची सही घेता येणार नाही. वाया गेलेल्या हंगामासाठी खेळाडूंना एक वर्ष वाढवूनही दिले.

आपल्याकडे काय मिळते? हमीपत्र. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे, काही झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ खाली पालकांची सही. त्या मुलीनेही डिसेंबरात अशाच कागदावर सही केली होती. अब्बूंना मराठी वाचता येत नाही, सही तिनेच केली. ती चूक तिची, पण तसला कागद अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हातात देणाऱ्यांचे काय? ‘ताप असेल तर येऊ नकोस, तुझी चाचणी नंतर घेऊ’ असे एक वाक्य त्याच कागदावर छापले असते तर बारा मुलींचा आठवडा वेगळा गेला असता.

हृदयाबद्दल थोडे सविस्तर, कारण तरुणांना वाटते की आपल्याला काही होत नाही. बिग टेनच्या १३ विद्यापीठांत कोविड होऊन गेलेल्या १,५९७ खेळाडूंचे एमआरआय झाले, त्यांत ३७ जणांच्या, म्हणजे २.३ टक्के खेळाडूंच्या हृदयाच्या स्नायूला सूज आढळली. त्यातल्या २८ जणांना हृदयविकाराचे कसलेच लक्षण नव्हते. ४२ महाविद्यालयांच्या दुसऱ्या मोठ्या पाहणीत सर्वांचे एमआरआय झाले नव्हते, तिथे हृदयावर परिणाम झालेल्यांचे प्रमाण ०.७ टक्के निघाले. म्हणजे घाबरून जाण्याइतके मोठे नाही, आणि दुर्लक्ष करण्याइतके छोटेही नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाचा वीस वर्षांचा फुटबॉलपटू सप्टेंबर २०२० मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीने गेला. त्याच्या संघाचा हंगाम तर आधीच रद्द झालेला होता.

तालुक्याच्या गावी एमआरआय कुठून येणार? नाहीच येणार. म्हणून लक्षणांकडे बघायचे. ताप असेपर्यंत पूर्ण विश्रांती. तो गेल्यावर आधी चालणे, मग हळू धावणे, मग सराव, आणि सामना सगळ्यांत शेवटी. ही चढण दोन दिवसांत चढायची नाही, आठवडाभर तरी द्यायचा. छातीत दुखले, धडधड वाढली, चक्कर आली, नेहमीच्या श्रमाने धाप लागू लागली, तर तिथेच थांबायचे आणि डॉक्टरकडे ईसीजीसाठी जायचे. ‘दम काढ, जाईल’ हे कोचचे वाक्य इथे चालणार नाही. २०२२ मध्ये रमजान एप्रिलच्या सुरुवातीला होता. नुकताच आजार होऊन गेलेल्यांनी रोजा ठेवून उन्हात सराव करायचा का, हे संघाच्या चर्चेत नव्हे, डॉक्टरला विचारून ठरवावे.

लसीबद्दल मोबाइलवर जे फिरते आहे त्याचाही उल्लेख केला पाहिजे. जून २०२१ मध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन युरो स्पर्धेत मैदानावर कोसळला, आणि तो लसीमुळे कोसळला असे संदेश आमच्याही गटांत आले. त्याच्या क्लबच्या संचालकांनी तेव्हाच सांगितले होते की त्याने लस घेतलेलीच नव्हती. तो संदेश मात्र अजून फिरतो आहे. ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांनाही लस मिळू लागली. कनिष्ठ महाविद्यालयातल्या खेळाडूंनी घ्यावी, मोठ्यांनी दोन्ही डोस पूर्ण करावेत. मोहल्ल्यात कुणी अडवत असेल तर आमच्या कार्यकर्त्यांना सोबत न्या.

राहिले ते तिसरे वाक्य. ‘तुमच्या मोहल्ल्यातूनच आला.’ २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये एका आजाराला एका समाजाचे नाव चिकटवले गेले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे नोंदवले. निकाल लागला, पण भीती राहिली. आजार हा दोष ठरला की माणूस तो लपवतो, आणि लपवला की तो पसरतो. मग आरोप करणारेही त्यातून सुटत नाहीत. आपल्याला त्या वेळी जे सोसावे लागले ते आपल्या संघातल्या दुसऱ्या कोणाला सोसावे लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे. संघातला कोणी आजारी पडला तर ‘तुझ्यामुळे स्पर्धा गेली’ हे वाक्य आपल्या तोंडून येता कामा नये. त्याच्या घरी डबा पोहोचवावा, दारातूनच, पण पोहोचवावा.

महाविद्यालयांकडे आमचे मागणे फार नाही. आजारी खेळाडूची चाचणी नंतर घेण्याचा नियम लेखी करा. हमीपत्रातले जबाबदारी झटकणारे वाक्य काढा. स्पर्धेला जाणाऱ्या संघाचा विमा उतरवा आणि दोन गाड्या द्या. दोन हंगाम गेलेल्या मुलामुलींना वयाच्या अटीत काय सवलत देणार, हे प्रत्येक विद्यापीठाने स्पष्ट जाहीर करावे. प्राचार्यांना अर्ज देताना एकटे जाऊ नका. मुले आणि मुली, सगळ्या जातीधर्मांचे खेळाडू मिळून जा, कारण क्रूझरमध्ये सगळे एकत्रच बसतात.

त्या मुलीला आमच्या कार्यकर्तीने जिल्हा रुग्णालयात नेले. ईसीजी ठीक आला. डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे चढाई बंद सांगितली आहे, चालायला परवानगी आहे. मार्चमधल्या चाचणीचा कागद तिच्याकडे परवा आला, तेच हमीपत्र. या वेळी तिने तो अब्बूंना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे महाविद्यालयात गेले. अब्बूंनी क्रीडा शिक्षकांना एवढेच विचारले, ‘‘सर, पोरगी त्या दिवशी बरी नसली तर काय?’’ सरांनी कागद परत घेतला आणि म्हणाले, ऑफिसात विचारून सांगतो. अजून निरोप आलेला नाही.