विश्वासू धर्मगुरूची कसोटी

लैंगिक अत्याचार झालेली स्त्री वा मुलगी प्रथम पोलीस ठाण्याची पायरी चढते, असे क्वचितच घडते. सातारा-सांगलीकडील खेड्यांत घरची माणसे पुष्कळदा आपल्या श्रद्धेतील एखाद्या सत्पुरुषाकडे धाव घेतात. तो मठाचा महाराज असेल, कीर्तनकार असेल, मौलाना वा पाद्री असेल. यावर नाक मुरडण्याची सुशिक्षितांची रीत मला पटत नाही. जवळचे नातलगही तोंड फिरवितात अशा वेळी ‘यात मुलीचा दोष नाही’ हे ज्याच्या तोंडून सारे घर निमूटपणे ऐकून घेईल, असा माणूस गावात बहुधा तोच असतो. प्रश्न आहे तो त्याची पारख करावयाची कशी, हा.

जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले की, मालाची खोड केवळ विकणाऱ्यालाच ठाऊक असते अशा बाजारात खोटा माल खऱ्याला हुसकून लावतो. धर्माच्या क्षेत्रात तर पुरावा मागणे हेच पाप मानले जाते. मग रसाळ प्रवचन आणि मंडपातील गर्दी हीच प्रमाणपत्रे ठरतात. आसारामला जोधपूरच्या न्यायालयाने 25 एप्रिल 2018 रोजी जन्मठेप सुनावली. त्या अल्पवयीन मुलीचे आईवडील त्याचे भक्तच होते आणि तिला बाधा झाली आहे असे सांगून उपचारासाठी तिला त्याच्याकडे नेण्यात आले होते.

साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेत शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर अशाच शोषणाविरुद्ध कायदा मागत होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. अलौकिक शक्तीचा वा पूर्वजन्मीच्या नात्याचा दावा करून स्त्रीशी संबंध ठेवणे हा त्यान्वये गुन्हा आहे. भाविकाच्या श्रद्धेला मात्र त्यात कोठेही हात लावलेला नाही.

परंतु दुष्टाला ओळखण्याने चांगला माणूस सापडतोच असे नाही. अनेक धर्मगुरू स्वतः निर्मळ असूनही ‘झाकली मूठ’ हाच सल्ला देतात. येथे कायदाच एक स्वच्छ कसोटी पुरवितो. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ज्याला ही गोष्ट कळली त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे. धर्मगुरूला त्यातून सूट नाही. तेव्हा मुलीच्या बाबतीत ‘येथले बोलणे येथेच राहील’ असे आश्वासन देणारा कितीही कनवाळू असो, त्याच्यावर विसंबणे धोक्याचे. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तक्रारीचा निर्णय तिचा. तेथे तिच्या परवानगीवाचून तिच्या सासरी वा भावकीत अवाक्षर न काढणे ही त्याची परीक्षा. तो तिला एकान्तात बोलावीत नाही, सोबत आई वा मैत्रीण असू देतो, नको ते तपशील विचारीत नाही, नवस-दक्षिणेची भाषा काढीत नाही, आणि अपराध्याशीच लग्न लावून देण्याची तडजोड तर सुचवीतच नाही. उलट तो आधी दवाखान्यात जा म्हणतो. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा पीडितेवर विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे, हे किती महाराजांना ठाऊक असते?

हा पेच आपल्यापुरताच नाही. ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने 2015 साली मेलबर्न व सिडनी येथील यहुदी येशिवा संस्थांची चौकशी केली. स्वधर्मीयाला परक्या सत्तेच्या हवाली करू नये, या जुन्या नियमाच्या दडपणाखाली तेथे तक्रारदारांची कुटुंबेच समाजाने वाळीत टाकल्याचे उघड झाले. रब्बायांनी बोलावे अशी अपेक्षा असताना पुष्कळसे गप्प राहिले. आपल्याकडील ‘गावची गोष्ट गावातच मिटवावी’ हा त्याच नियमाचा मराठी अवतार. वाळीत टाकणे महाराष्ट्रात 2017 पासून गुन्हा आहे. दडपण मात्र कायद्याच्या पुस्तकाने उतरत नाही.

व्यक्तीची पारख कठीण असली, तरी संस्थेची तितकी नाही. दहा वा अधिक नोकर असलेल्या विश्वस्त संस्थेलाही 2013 च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती नेमून तिची माहिती दर्शनी जागी लावावी लागते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील मोठ्या देवस्थानांत व मठांत देणगीदारांच्या नावांच्या फरश्या भिंतीभर असतात. त्यांच्या शेजारी हा फलक आहे काय, हे दर्शनाला जाणाऱ्यांनी पाहावे, आणि नसल्यास विश्वस्तांना लेखी विचारावे.