मांडवगडावर, सावकाश

साठी-सत्तरीतील दांपत्याने पावसाळा सरताना कोठे जावे, असे विचारल्यास मी मांडवगड सुचवतो. इंदूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, विंध्याच्या हिरव्या माथ्यावर विखुरलेले हे भग्न वैभव निवांतपणे पाहावे असे आहे.

दिवसाला दोन वास्तू पुरेत. सकाळी दोन तलावांमधील जहाज महाल, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी झेपल्यास रूपमती मंडप. गुडघ्यांना चढण्याहून उतरणे अधिक जाचते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर काठी हवीच.

पाणी काढणारी गोळी प्रवासापुरती परस्पर बंद करू नये. वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मोटारीतून दर दीड-दोन तासांनी उतरून थोडे चालावे. औषधे सामानात न टाकता हाताशी ठेवावीत.

मला अधिक काळजी वाटते ती सोशिकपणाची. जोडीदाराचा विरस नको म्हणून धाप, चक्कर, छातीवरचा दाब लपवणारे पुष्कळ असतात. शुश्रूषा करणारा जोडीदार तर स्वतःचे दुखणे सांगतच नाही. छातीवर दाब जाणवताच जागीच बसावे, सोबत्याला सांगावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवावी.

म्हणून निघण्यापूर्वीच ठरवावे : एकाने ‘पुरे’ म्हटले की दोघांनी थांबायचे, कारण विचारायचे नाही. मंडपातून दूरची नर्मदा दिसायची राहिली तरी चालेल. खालच्या झाडाच्या सावलीत दोघांनी मिळून घेतलेला चहाही सहलीचाच भाग असतो.