जेट स्की सुरू होईना? कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्याआधी टाकीत काय आहे ते पाहा

पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकलेली जेट स्की सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावर येते. बटण दाबलं की इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. किंवा घेतं, काठाजवळ नीट चालतं आणि थ्रॉटल पूर्ण दाबला की गुदमरतं. जिथे जुन्या टू स्ट्रोक मशीन अजून चालतात, तिथे यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायचे. हाच उपाय इंजिनाला सर्वात महागात पडतो. कारण बिघाड बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या सेटिंगमध्ये नसतो, तर त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या पेट्रोलमध्ये असतो.

प्रश्न फक्त वाया गेलेल्या दिवसाचा नाही. जेट स्कीला बोटीसारखं सुकाणू नसतं. मागच्या नळीतून जोरात बाहेर पडणारं पाणी वळवलं की मशीन वळते. भर वेगात इंजिन बंद पडलं की पाण्याचा झोत थांबतो आणि हँडल कितीही फिरवलं तरी मशीन आधीच्याच दिशेने सरकत राहते. समोर पोहणारी माणसं असतील तर काय, हे वेगळं सांगायला नको. ‘मधूनमधून मिसिंग करते, पण चालते’ अशी मशीन पर्यटकाच्या हातात देणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

हा कार्बोरेटर बाइकसारखा का नाही?

कावासाकीने १९७३ मध्ये ‘जेट स्की’ बाजारात आणली. पुढे ते कंपनीचं नाव राहिलं नाही, सगळ्याच कंपन्यांच्या मशीनला लोक तेच म्हणू लागले. २००२ च्या सुमारास फोर स्ट्रोक, इंजेक्शनची मॉडेल्स आली. तरी टू स्ट्रोक कार्बोरेटर लगेच संपला नाही. यामाहाची सुपरजेट २०२० पर्यंत त्याच्यावरच चालत होती.

बाइकच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो. लाटांवर आपटणाऱ्या, कधी उलटणाऱ्या मशीनमध्ये तो टिकणार नाही. म्हणून इथे मिकुनीसारख्या कंपन्यांचे डायफ्रॅमचे कार्बोरेटर असतात. त्यात रबरासारखा पातळ पडदा नीडल व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. पेट्रोल ओढणारा पंप बहुतेकदा त्यातच असतो आणि त्याला वीज लागत नाही. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमध्ये दाबाचे जे ठोके पडतात, ते एका बारीक नळीने पंपाला मिळतात. ही नळी चिरली की पंप मंदावतो आणि दोष मात्र कार्बोरेटरवर येतो.

ई-२० चा यात काय संबंध?

मोठा संबंध आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठलं गेलं, २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता ते सर्वत्र आहे. अमेरिकेत मात्र १० टक्क्यांहून जास्त इथेनॉलचं पेट्रोल बोटींच्या इंजिनात वापरायला परवानगी नाही.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलोच. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा हिशेब जुळवून घेतो, कार्बोरेटरला ते जमत नाही. त्याचं जेट ठरलेलं असतं, त्यामुळे मिश्रणात हवा जास्त होते. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘लीन’ चालतं. जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅमही इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात.

शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी तीन महिने उभी राहिली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात. टाकीतली नळी नेमकी तळातूनच पेट्रोल ओढते.

मग शोध कुठून सुरू करायचा?

टाकीतून. सीट काढून इंजिनाचा कप्पा मोकळ्या हवेत उघडा ठेवायचा. पेट्रोलचा वास येत असेल तर बटणाला हात लावायचा नाही. त्या बंद कप्प्यात साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. मग तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवायचं. खाली वेगळा थर दिसला, रंग गडद झालेला असला किंवा वार्निशसारखा वास आला, तर सगळी टाकी रिकामी करायची. वर ताजं पेट्रोल ओतून ‘चालवून घेऊ’ म्हणणं म्हणजे तळाची घाण तशीच ठेवणं.

यानंतरच्या दोन चाचण्या फुकटातल्या आहेत. जुन्या मशीनमध्ये पेट्रोलच्या कॉकला ऑन आणि रिझर्व्ह असे दोन मार्ग असतात. रिझर्व्हवर नीट चालते आणि ऑनवर गुदमरते, तर ऑनचा मार्ग तुंबला आहे. मशीन थोडं चालून बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण सैल करून पाहायचं. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि इंजिन सुधारलं, तर हवेची नळी बंद आहे.

नळ्यांच्या बाबतीत एक फसवणूक होते. पेट्रोल ठिबकत नाही म्हणजे नळी चांगली, असं वाटतं. पण पंप पेट्रोल ओढत असतो, त्यामुळे बारीक चिरेतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. शंका आली तर नळी बदललेलीच बरी. फिल्टरसोबत कार्बोरेटरच्या आत नखाएवढी एक जाळीही असते, ती अनेकदा कुणी उघडूनच पाहत नाही.

एवढं करून प्लग कोरडाच निघत असेल, तर कार्बोरेटर उघडायचा. तेव्हाही डायफ्रॅम, नीडल आणि स्प्रिंग आधी पाहायचे, स्क्रू शेवटी. स्क्रू हलवण्याआधी तो किती फेरे उघडा आहे हे लिहून ठेवायचं आणि मॅन्युअलशी ताडून पाहायचं. तो आत फिरवला की पेट्रोल कमी होतं. टू स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असेल, तर पेट्रोलबरोबर वंगणही घटतं. अशी मशीन थोडा वेळ झकास पळते आणि मग पिस्टन जाम होतो. चालत्या इंजिनाचा चोक किंचित ओढल्यावर ते सुधारलं, तर ते आधीच लीन आहे. स्क्रू आणखी आत नेणं तिथेच थांबवायचं.

जमिनीवर चाचणी घेताना इंजिन पाण्याशिवाय काही सेकंदांपलीकडे चालवू नये. पाण्याचा पाइप लावला असेल तर आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना उलट.

पावसाळ्याआधी टाकी भरावी की रिकामी करावी?

यावर दोन मतं आहेत. रिकामं ठेवलं तर डायफ्रॅम सुकून कडक होतो, हा आक्षेप खोटा नाही. पण इथेनॉलचं पेट्रोल आणि किनाऱ्यावरची दमट हवा पाहता मे महिन्यात टाकी आणि नळ्या रिकाम्या करणं आणि सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल मारणं हेच शहाणपणाचं ठरतं. सप्टेंबरमध्ये फार तर डायफ्रॅमचं किट बदलावं लागेल, आणि ते रिबोअर आणि नव्या पिस्टनपेक्षा खूप स्वस्त पडतं.